नळीतला बुडबुडा

सकेलारिसला कशाचीच भीती वाटत नाही, असं ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटाच्या बंदरावर कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं. हवेची रबरी नळी दातांत धरून तो अशा खोल पाण्यात उतरायचा, की तिथे भर दुपारीही संध्याकाळ असते. तळाच्या खडकांवरचे स्पंज कापून जाळीत भरायचा, आणि वर आल्यावर आधी कंप्रेसर सांभाळणाऱ्याला एक शिवी हासडून मगच पाणी प्यायचा. मिसरूड फुटल्यापासून त्याचा हाच धंदा. अशा माणसाला नाताळापासून डाव्या पायात मोजा घालता येत नव्हता, ही गोष्ट जगात फक्त त्याच्या बायकोला माहीत होती, कारण तो मोजा रोज सकाळी तीच घालून द्यायची.

थेमेलिना खाली बसायची, त्याचं पाऊल मांडीवर घ्यायची, आणि तो खिडकीबाहेर बघत राहायचा, जणू खाली चाललेलं काम दुसऱ्याच कुणाच्या पायाचं आहे. पहिला महिना तो म्हणाला, हवा दमट आहे. मग म्हणाला, गादी खराब झाली. तिने गादी बदलली. मग त्याने कारणं सांगणंच सोडून दिलं आणि थेमेलिनाला खरी धास्ती तेव्हा वाटायला लागली. आमची घरं डोंगराला चिकटलेली, दारापर्यंत नुसत्या पायऱ्या. तो उजवा पाय वर टाकायचा आणि डावा मागून ओढत त्याच पायरीवर आणायचा, लहान मूल चढतं तसा. समोरून कुणी आलं की थांबून सिगारेट पेटवायचा. या नादात त्याच्या सिगारेटी दुप्पट झाल्या होत्या.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही सापडलं नाही. त्यांनी सांगितलं, समोरच्या कॉस बेटावर जाऊन खुब्याचा एमआरआय करून या, तोही कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन. सकेलारिसने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. ईस्टर तोंडावर आला होता. ईस्टर झाला की नावा स्पंजांवर निघणार, त्या थेट पानगळीला परतणार. त्याच्या बापाची नाव रंगवून तयार होती. शेवटी एक दिवस मोजा घालताघालता थेमेलिना म्हणाली, "ठीक आहे. मी तुझ्या बाबांना सांगते."

ही मात्रा लागू पडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने दोघं कॉसला गेली.

सेंटरमध्ये गळ्यातला बाप्तिस्म्याचा क्रॉस काढायला सांगितला तेव्हाच त्याचं डोकं फिरलं होतं. समुद्राच्या तळाशीसुद्धा तो त्याने कधी काढला नव्हता. थेमेलिनाने हात पुढे केला, त्याने तो तिच्या तळहातावर आपटला. डॉक्टर ख्रिसांथी नावाच्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणाऱ्या बाई होत्या. त्यांनी त्याला विचारलं, "मूत्रपिंडाचा काही त्रास? कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"बायकोला विचारा," सकेलारिस म्हणाला. "मला माझ्यातलं काहीच कळत नाही, असं तिचं म्हणणं आहे."

"चुकीचं नसेल," डॉक्टर म्हणाल्या. "नीट ऐका. आधी साधे फोटो निघतील. मग तुमच्या शिरेतून एक औषध देऊ आणि पुन्हा फोटो काढू. ते औषध रक्ताबरोबर फिरतं. रक्त जिथे पोचतं तिथे फोटोत उजळ दिसतं. जिथे पोचत नाही तिथे काळंच राहतं. मांडीच्या हाडाच्या डोक्यावर एक गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत फिरतो. तुमच्या त्या गोळ्यात रक्त पोचतंय का, एवढंच मला बघायचंय."

"आणि पोचत नसेल तर?"

"आधी बघू तर द्या."

त्या थेमेलिनाला आपल्याबरोबर काचेमागच्या खोलीत घेऊन गेल्या. काचेपलीकडे तो लांबलचक नळकांड्यात गेला, आणि यंत्राचा ठकठकाट सुरू झाला. तंत्रज्ञ प्रोकोपिस पडद्यावर फोटो पुढेमागे करत होता. थेमेलिनाला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला फक्त तिच्या नवऱ्याची पांढरे मोजे घातलेली दोन पावलं दिसत होती, आणि ती अजिबात हलत नव्हती. हा माणूस घरात जेवतानासुद्धा एका जागी बसत नाही. पण इथे हलू नका म्हटलं तर दगड झाला. पाण्याखाली श्वास राखायची सवय असणार, असं तिला वाटलं आणि त्याच्याबद्दल अभिमानही वाटला.

साधे फोटो संपले. सरकती फळी बाहेर आली. सुई दंडाखालच्या शिरेत आधीच बसवलेली होती. प्रोकोपिसने तिला पारदर्शक नळी जोडली आणि औषधाची सिरिंज हातात घेतली. सकेलारिसने मान उचलून आपल्या हाताकडे पाहिलं.

नळीत एक बुडबुडा होता. मोहरीएवढा. तो हळूहळू त्याच्या हाताकडे सरकत होता.

काचेमागून थेमेलिनाला आधी त्याचा चेहरा दिसला. तसा चेहरा तिने लग्नात पाहिला नव्हता, पोरीच्या जन्माच्या वेळी पाहिला नव्हता, नाव खडकावर आदळली होती त्या वर्षीही पाहिला नव्हता. मग त्याने दुसऱ्या हाताने सुई धरली आणि उपटून काढली. पांढऱ्या चादरीवर रक्ताची चिळकांडी उडाली.

"मारतोस काय रे, गाढवा!"

"अहो, अहो, एवढ्याशा बुडबुड्याने काही होत नाही!" प्रोकोपिस कापूस घेऊन धावला. "रोज कितीतरी जणांना..."

"एवढ्याशानेच होतं! माझा मामा खोलातून वर आला आणि डेकवर टोमॅटो खाताखाता गेला. हातातला टोमॅटोसुद्धा सुटला नाही त्याच्या. काय होतं त्याच्या रक्तात? बुडबुडा होता! तू कॉसच्या बीचवर पाय भिजवणारा माणूस, तू मला बुडबुडा शिकवतोस?"

डॉक्टर ख्रिसांथी आत गेल्या. त्यांनी समजावलं, चिडल्या, पुन्हा समजावलं. बाहेरून शिरेत गेलेला एवढासा बुडबुडा फुप्फुसात जाऊन विरून जातो, हे कागदावर चित्र काढून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो फळीवर बसून बूट शोधत होता, आणि बूट घालायला वाकता येत नव्हतं म्हणून आणखी पिसाळत होता. शेवटी थेमेलिनाने आत जाऊन त्याच्या पायात बूट घातले. त्या वेळी तिला त्याचा इतका राग आला होता, की बुटाची नाडी तिने मुद्दाम घट्ट आवळली.

हाती होते ते फक्त साधे फोटो. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"यात दिसतंय एवढंच, की गोळ्यातलं हाड आतून सुजलंय, त्यात पाणी धरलंय. असं दोन आजारांत दिसतं. एक साधा. विश्रांती घेतली तर काही महिन्यांत आपोआप उतरतो. दुसरा म्हणजे हाडाचं रक्त बंद होऊन ते मरायला लागलंय. साध्या फोटोत दोन्ही सारखेच दिसताहेत. इंजेक्शन दिलं असतं तर कळलं असतं."

"म्हणजे आपोआप उतरतो," सकेलारिस म्हणाला.

"एक. दोनपैकी एक."

"कळलं."

"नाही कळलं तुम्हाला." डॉक्टरांनी चष्मा टेबलावर ठेवला. "तुम्ही त्या नळीतल्या एका बुडबुड्याला भ्यालात. खोलातून घाईने वर येता ना, त्या प्रत्येक वेळी तुमच्या रक्तात असे हजारो उठत असतील. त्यातल्याच काहींनी या हाडाच्या बारीक रक्तवाहिन्या बुजवल्या, असा माझा दाट संशय आहे. तसं असेल, तर गोळा अजून गोल आहे तोवर आत भोकं पाडून, रक्ताला नवी वाट करून देऊन, तो वाचवायचा प्रयत्न करता येतो. एकदा तो ढासळला, की संपलं. पुढच्या आठवड्यात या. तोवर कुबडी घ्या, त्या पायावर भार देऊ नका. आणि पाण्यात उतरण्याचं नावही काढू नका."

बंदरावर परत आल्यावर सकेलारिसने कॉफीच्या दुकानात बसून सगळ्यांना सांगितलं, की खुब्याला जरा सूज आहे, कॉसची डॉक्टरीण म्हणाली आपोआप उतरते. तो खोटं बोलला नव्हता. त्याने सोयीचं अर्धं तेवढं घेतलं होतं. कुबडी फार्मसीतून थेमेलिनाने आणली, ती त्याने दाराआड उभी केली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातला.

"पाणबुड्या कुबडी घेऊन बंदरावर?" तो म्हणाला. "त्यापेक्षा तुझा झगा घालून जातो."

"घाल. शोभेल तुला. भार तरी पडणार नाही पायावर."

"थेमेलिना, एक सांगू? खाली गेल्यावर दुखत नाही. मागच्या मोसमात शेवटी शेवटी वर असलो की ठणकायचं, खाली गेलं की बंद. नवरदेवासारखा चालायचो तळावर. पाणीच औषध आहे याला."

म्हणजे हा मागच्या मोसमापासून लंगडत होता आणि तिला नाताळाला कळलं. ती उठली, शाल घेतली आणि सासऱ्याच्या घराच्या पायऱ्या चढू लागली.

सासरा, कप्तान मिकेस, अंगणात उभा होता. तो बहुतेक वेळ उभाच असायचा, दोन काठ्यांवर. दोन्ही खुबे त्याने चाळिशीच्या आतच समुद्राला देऊन टाकले होते, असं तो स्वतः सांगायचा, आणि सांगताना छाती पुढे काढायचा. झोपायला गेला तर मुलगी येऊन त्याला पलंगावर ठेवायची आणि सकाळी उचलून उभं करायची. चारचौघांत तो कधी बसत नसे, कारण बसलं की उठता येत नाही आणि उठताना कुणाच्या हाताला धरणं त्याला मान्य नव्हतं. चर्चमध्येसुद्धा खांबाला टेकून उभा राहायचा.

थेमेलिनाने त्याला सगळं सांगितलं. मोजा, पायऱ्या, बुडबुडा, दोन आजार. तो ऐकत होता आणि लिंबाच्या झाडाची सुकलेली पानं काठीने झटकत होता.

"मलाही खाली दुखायचं नाही," तो म्हणाला. "सगळ्यांचं तसंच असतं, पोरी. धंद्याचं दुखणं. सुताराची बोटं जातात, आपले पाय जातात."

"बाबा, तुमच्या वेळी फोटो नव्हता. आता आहे. हाड मरतंय की नाही ते दिसतं, आणि मरत असेल तर वाचवता येतं. तुम्हाला कुणी सांगितलं असतं, की अजून वेळ आहे, तर तुम्ही काय केलं असतं?"

"गेलो असतो समुद्रावर."

"खरं सांगा."

म्हाताऱ्याने एक काठी भिंतीला टेकवली आणि मोकळ्या हाताने तोंड पुसलं. "तुझी सासू मरायला टेकली होती तेव्हा मला तिच्या उशाशी बसता आलं नाही," तो म्हणाला. "उभाच होतो. ती वर बघून बोलायची आणि मी खाली बघून. कुठल्या दिवशी जायचंय कॉसला?"

त्याच संध्याकाळी त्याने मुलाला बोलावून घेतलं. तिथे काय बोलणं झालं ते थेमेलिनाला सगळं कळलं नाही, पण म्हाताऱ्याचा आवाज खालच्या गल्लीपर्यंत येत होता. इंजेक्शन घेतल्याशिवाय माझ्या नावेवर पाय ठेवायचा नाही, आणि ठेवलास तर मी स्वतः तुला समुद्रात ढकलीन, नळी न देता. सकेलारिस परत आला तो मान खाली घालून. थेमेलिनाने डॉक्टर ख्रिसांथींना फोन लावला. त्यांनी कबूल केलं, की नळी भरताना सकेलारिसला समोर उभं करतील, त्याने स्वतः दिव्यासमोर धरून बघावी आणि समाधान झालं तरच सुई टोचू द्यावी. ईस्टरचा आठवडा सुट्टीचा, म्हणून त्याच्या पुढचा मंगळवार ठरला. नावा त्याच आठवड्यात गुरुवारी निघणार होत्या.

"माशी जरी दिसली त्या नळीत, तरी मी उठून येणार," सकेलारिस म्हणाला.

"ये," थेमेलिना म्हणाली. तिला हसू आलं. कित्येक दिवसांनी त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

ईस्टर झाला. रिवाजाप्रमाणे डोंगरावरून सणाचे सुरुंग फुटले, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, भात भरून भट्टीत ठेवलेलं कोकरू घरोघरी फोडलं गेलं. त्याच्या पुढच्या रविवारी, म्हणजे मंगळवारच्या आधीच्या, नावांना आशीर्वाद द्यायचा सण होता. पाद्र्याने बंदरावर पाणी शिंपडलं, बायका रडून घेऊन डोळे पुसून जेवणाला लागल्या, आणि जेवणं उरकल्यावर गावच्या वादकाने, याकूमिसने, व्हायोलिन काढलं.

पाणबुड्यांचा एक नाच आमच्याकडे आहे, मिहानिकोस. पुरुष खांद्यावर हात टाकून रांगेने उभे राहतात. रांगेच्या टोकाला असतो तो काठी घेऊन नाचतो, समुद्राने पाय नेलेल्या माणसाचं सोंग करत. त्याचे गुडघे थरथरतात, पाऊल पुढे पडत नाही, तो कोसळता कोसळता काठीवर सावरतो. बाकीचे त्याला न बघितल्यासारखं करून नाचत राहतात. आणि शेवटी तो काठी फेकून देतो, उंच उडी मारतो आणि धडधाकट माणसासारखा नाचू लागतो. समुद्राच्या तोंडावर मारलेली ती चपराक असते. निघण्याआधी प्रत्येक जण ती बघून घेतो, कारण पानगळीला कोण कसा परत येईल, हे कुणालाच ठाऊक नसतं.

त्या वर्षी नावांच्या सगळ्या कप्तानांनी मिळून टोकाला सकेलारिसला उभं केलं.

थेमेलिनाने त्याचा हात धरला. "नाही म्हण."

"का म्हणून नाही म्हणू? काय सांगू?"

"सांग, दुखतंय."

"काठी आहे ना हातात. सगळा भार काठीवर. कुबडी घे म्हणत होतीस ना? घे, आता घेतली," तो तिच्या कानाशी हसत म्हणाला. "शेवटची उडी मारणार नाही. काठी टाकणार नाही. वचन."

तो नाचू लागला. आणि थेमेलिनाला जे दिसलं ते त्या सबंध बंदरावर दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं. तिचा नवरा नाचत नव्हता. महिनोन् महिने दडवलेलं लंगडणं तो सगळ्या गावासमोर मोकळं सोडत होता. डावा पाय तो खरोखरच ओढत होता, खरोखरच तोल सावरत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी सुटका पसरली होती, की तिला रडू कोसळलं. किती दुखत होतं याला. आणि हे दुखणं चारचौघांत दाखवायला याला नाचावं लागत होतं.

"अरे, बाजारातसुद्धा तालीम चालली होती याची!" कुणीतरी ओरडलं. "मी पाहिलाय याला, पायऱ्यांवर!"

"आणि आम्हाला वाटलं, खरंच काही झालंय!"

"बापाच्या वर गेला पोरगा! मिकेस, बघ, तुझी हुबेहूब नक्कल!"

कप्तान मिकेस दोन काठ्यांवर उभा होता. तो हसत नव्हता.

व्हायोलिनची लय वाढली. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. "टाक! टाक!" गर्दी ओरडायला लागली. "काठी टाक!" रांगेतले पुरुष दमदार पावलं टाकत होते, त्यांच्या खांद्यांचा जोर टोकापर्यंत पोचत होता. सकेलारिसने एकदा थेमेलिनाकडे पाहिलं. तिने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. त्याच्या नजरेत आधीच माफी होती, आणि ती बघून तिला सगळं कळून चुकलं.

त्याने काठी फेकली. ती दगडी धक्क्यावर खडखडत गेली. त्याने उडी मारली, खरंच उंच, तसा उंच तो लग्नातसुद्धा उडाला नव्हता, आणि डाव्या पायावर खाली आला.

तो कोसळला. काहीही न धरता, गच्चीवरून पडलेल्या पोत्यासारखा.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

कारण असं कुणी कधी केलं नव्हतं. काठी टाकल्यावर पुन्हा पडणारा मिहानिकोस कुणी पाहिलाच नव्हता. एक बाई ओठ दाबून हुंदके देत टाळ्या वाजवत होती. याकूमिसने मान खाली घालून नवीन सूर धरला, असा करुण, की तो त्याला पुन्हा कधी जमला नसता. रांग थांबली नाही. ती त्याच्याभोवती वळून नाचत राहिली, त्याला न बघितल्यासारखं करून, कारण रीतच तशी आहे.

थेमेलिना पुरुषांच्या हातांखालून आत घुसली. सकेलारिस एका कुशीवर पडला होता, तोंड पांढरंफटक, डावं पाऊल भलतीकडेच वळलेलं. "मोडलं," तो दातांतून म्हणाला. "आत काहीतरी चुरलं, थेमेलिना. आवाज आला मला. त्यांना थांबव."

"थांबा!" ती किंचाळली. "थांबवा ते! तो खरंच पडलाय! खरंच!"

टाळ्या आणखी वाढल्या. आता तर बायकोही नाचात आली होती. कुणीतरी "वाहवा, थेमेलिना!" म्हणून ओरडलं. तिने जवळच्या माणसाला थोबाडीत मारली, ती त्याने हसत खाल्ली आणि पुढचं पाऊल टाकलं.

तेव्हा कप्तान मिकेस पुढे आला. रांग त्याच्यासाठी फुटली, कारण तो कप्तान होता. तो मुलाजवळ पोचला, त्याने आधी एक काठी सोडली, मग दुसरी सोडली आणि तो खाली बसला. बसला म्हणजे पडलाच, पाठीवर आपटला, मग कोपरावर जोर देऊन कसाबसा वर झाला आणि मुलाचं डोकं त्याने आपल्या मांडीवर ओढलं. ज्याला कित्येक वर्षांत कुणी खुर्चीतसुद्धा बसलेलं पाहिलं नव्हतं तो मिकेस भर बंदरात जमिनीवर बसला होता.

व्हायोलिन थांबलं. टाळ्या एका बाजूने विझत गेल्या. मग त्या शांततेत सकेलारिसचं कण्हणं सगळ्यांना ऐकू आलं, आणि म्हाताऱ्याला उचलायला हात पुढे करायचं धाडस कुणाला झालं नाही.

मंगळवारचा दिवस ठरलेला होताच, त्यामुळे कॉसला ते ठरल्याप्रमाणे गेले, फक्त स्ट्रेचरवरून. बेटावरच्या दवाखान्यात काढलेल्या एक्स-रेमध्ये गोळ्याचा माथा अंड्याच्या कवचासारखा खचलेला दिसतच होता. पण शस्त्रक्रियेआधी दोन्ही खुबे नीट बघायचे म्हणून डॉक्टर ख्रिसांथींनी इंजेक्शन द्यायला सांगितलं. सकेलारिसने हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. प्रोकोपिस नळी दिव्यासमोर धरून त्याला दाखवायला आला होता, त्याने पाहिलं नाही.

औषध सगळीकडे पसरलं. मांड्यांचे स्नायू, कमरेची हाडं, सगळं पडद्यावर उजळून निघालं. डावा गोळा मात्र कोळशासारखा काळा राहिला, वरून दबलेला. नंतर सकेलारिसच्या पलंगाशी फोटो दाखवताना डॉक्टरांनी बोट त्यावर ठेवलं नाही. त्यांनी ते उजवीकडे नेलं. उजव्या गोळ्यातही एक तुकडा काळा होता, फाकेसारखा.

"उजवा?" सकेलारिस म्हणाला. "उजवा तर दुखतच नाही."

"मेलेलं हाड दुखत नाही. भोवती सूज आली किंवा ढासळायला लागलं की दुखतं. डावा गेला, तिथे कृत्रिम सांधा बसवावा लागेल. पण हा अजून गोल आहे. याच आठवड्यात भोकं पाडली तर कदाचित वाचेल. कदाचितच. आणि तुम्ही पुन्हा कधीही खाली गेला नाहीत तर. पोहायला जा, आंघोळीला जा. नळी तोंडात धरून खाली जायचं नाही. कधीच."

डॉक्टर बाहेर गेल्या. गुरुवारी नाव त्याच्याशिवाय जाणार, त्याच्या जागी चुलतभाऊ उतरणार, हे मिकेसने आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. थेमेलिना त्याच्या उशाशी खुर्ची ओढून बसली. तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती, की आता हा घरी राहील. पानगळीपर्यंत धक्क्यावर डोळे लावून बसायला नको. पोरीला बाप राहील. हे सुख इतकं खरं होतं, की तिला स्वतःचीच किळस आली.

सकेलारिस छताकडे बघत होता. "तू खूश असशील आता," तो म्हणाला.

तिने त्याचा हात घट्ट धरला, आणि तो त्याने सोडवून घेतला.